मार्क कळले, पण मूल कुठे अडलंय ते कसं कळणार?

प्रश्न : मी आठवीला गणित शिकवते. मागच्या महिन्यात मुलांची मोबाइलवर बीजगणिताची टेस्ट घेतली, दहा प्रश्न, लगेच मार्क आले. दोन मुलांना सहा-सहा मार्क आहेत, पण एकाला परत सांगितलं की पटकन कळतं आणि दुसऱ्याच्या डोक्यावरून जातं. मग अशा टेस्टचा उपयोग काय? परत वहीवरच घेऊ का?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, ऑनलाइन घेतलीत त्यात काहीच चुकलं नाही, फक्त ती टेस्ट मार्क मोजायला बनवलेली होती आणि तुम्हाला बघायचंय मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते, त्याला प्रश्नच वेगळे लागतात.

एक जुना प्रश्न सांगते, लंडनच्या चेल्सी कॉलेजने १९७४ ते १९७९ मध्ये शाळेतल्या मुलांचा मोठा अभ्यास केला होता त्यातला. ई + एफ = ८, तर ई + एफ + जी = किती? उत्तर ८ + जी, बास. पण कुणी १२ लिहितं, कारण ई आणि एफ चार-चार असणार मग जी पण चारच असं त्याने धरलेलं असतं. कुणी १५ लिहितं, का तर जी हे एबीसीडीतलं सातवं अक्षर! आणि कुणी ८जी लिहितं, कारण मधे अधिकचं चिन्ह राहिलं की त्याला उत्तर अर्धवट वाटतं. मार्क तिघांनाही शून्यच, पण तिघांशी बोलायचं ते पूर्ण वेगळं.

त्यातलाच पेन्सिलींचा प्रश्न. निळी पेन्सिल ५ पेन्सला (पेन्स म्हणजे इंग्लंडमधले पैसे), लाल ६ पेन्सला, काही निळ्या काही लाल घेतल्या, एकूण ९० पेन्स झाले. निळ्या पेन्सिलींची संख्या बी आणि लाल पेन्सिलींची आर, तर समीकरण काय? पाहिजे ५बी + ६आर = ९०, पण खूप मुलं बी + आर = ९० लिहितात, म्हणजे बी ही त्यांच्यासाठी संख्या नाहीच, ती निळी पेन्सिलच आहे. आणि हे आपणच शिकवतो हो, सजातीय पदं, म्हणजे ३ए आणि २ए अशी एकच अक्षर असलेली पदं, सांगताना "३ आंबे आणि २ केळी एकत्र होतील का" असं मीही वर्षानुवर्षं सांगितलंय, आता नाही सांगत.

मेलबर्न विद्यापीठात केय स्टेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विचाराने 'स्मार्ट टेस्ट' नावाच्या छोट्या ऑनलाइन टेस्ट बनवल्या, मूल काही मिनिटांत सोडवतं आणि शिक्षकाला नुसते मार्क नाही तर ते समजुतीच्या कुठल्या टप्प्यावर आहे आणि पुढे काय शिकवायचं ते कळतं.

तुम्ही साध्या गुगल फॉर्मवर हे करू शकता. पण प्रश्न जसाच्या तसा मराठीत आणू नका, निळ्या पेन्सिलीला बी दिलं तर आपल्या मुलांना त्यात ब्लू दिसेलच असं नाही, मग चूक लपूनच राहते. पेन १० रुपयांना, रबर ५ रुपयांना, एकूण ९० रुपये, पेनांची संख्या पी, रबरांची आर, असं द्या. सोबत ८ + ४ = □ + ५ पण टाका, आठवीतही चौकटीत १२ लिहिणारी मुलं निघतात, त्यांना बरोबरचं चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिही" एवढंच माहीत असतं, अशा मुलाला समीकरण कसं कळणार.

पहिल्यांदा पर्याय देऊ नका, रिकामी जागा ठेवा, मग शीटमध्ये सगळ्यांची उत्तरं एकाखाली एक दिसतात, सारख्या चुका एकत्र करा, पुढच्या वर्षी त्याच चुका पर्याय म्हणून वापरता येतील. तपासायचं काम फॉर्मवर सोडू नका, कुणी १०पी लिहील कुणी पी × १०, फॉर्म एकाला चूक देऊन मोकळा होईल. एका कल्पनेवर दोन-तीन प्रश्न हवेतच कारण एखादी चूक नुसत्या घाईचीही असते. आणि मार्क धरणार नाही हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर शेजारच्याचं बघून लिहितात आणि तुमच्या हाताला काहीच लागत नाही.

तुमच्या त्या दोघांसाठी तर नवीन टेस्टचीही वाट बघू नका. दोघांची चुकलेली चार-चार उत्तरं कागदावर काढा, एकेकाला मधल्या सुट्टीत जवळ बसवा आणि चूक आहे असं न सांगता एवढंच विचारा, "हे कसं काढलंस रे?"