‘लिफ्रात कातान’ आणि कंसातलं ‘किंवा’

एका वाचकमित्राने विचारलं आहे: जेरुसलेममध्ये छापलेल्या हिब्रू पुस्तकाच्या ग्रंथालयीन नोंदीत प्रकाशनवर्ष ‘725 [1964 किंवा 1965]’ असं का लिहितात? आणि अशा पुस्तकांत वर्षाजवळ येणारा ‘लिफ्रात कातान’ हा शब्दप्रयोग म्हणजे काय?

वर्ष आहे 5725. ज्यू कालगणना जगाच्या निर्मितीपासून धरलेली आहे. हजारांचा आकडा सगळ्यांना ठाऊकच असतो म्हणून तो गाळायचा, या पद्धतीला ‘लिफ्रात कातान’ म्हणतात, म्हणजे ‘लहान गणनेनुसार’. पुस्तकात ते बहुधा तीन अक्षरांच्या संक्षेपात असतं. उरलेल्या आकड्यात 1240 मिळवले की इसवी सन येतो: 725 अधिक 1240, म्हणजे 1965. पण ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं. पुस्तक वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत, म्हणजे डिसेंबर संपायच्या आत, निघालं असेल तर साल 1964 ठरतं. आपल्याकडे शकात कधी 78 तर कधी 79 मिळवावे लागतात, त्यातलाच हा प्रकार. महिना छापलेला नसेल तर सूचीकाराने एकच साल ठोकून देणं चूक ठरेल, म्हणून ‘किंवा’. चौकटी कंसाचा अर्थही ध्यानात ठेवावा: आतला मजकूर पुस्तकात नाही, तो सूचीकाराने पुरवला आहे.

पुण्यात 1874 साली बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाची सचित्र हगादा निघाली. हगादा म्हणजे वल्हांडणाच्या (ज्यूंच्या पासोव्हर सणाच्या) रात्री घरी वाचायची पोथी. तिच्यात हिब्रू पाठ आहे आणि मराठी भाषांतरही. त्या साली वल्हांडण आला तो 634 मध्ये. 1240 मिळवून पाहा.

जुन्या पुस्तकांत तर वर्ष आकड्यांत नसतंच. हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत आहे: पहिली नऊ अक्षरं एकं, पुढची नऊ दहं आणि शेवटच्या चारांना 100 ते 400. मुद्रक शीर्षकपृष्ठावर बायबलमधलं एखादं वचन छापायचा आणि त्यातली काही अक्षरं मोठी करायचा. त्या मोठ्या अक्षरांची बेरीज म्हणजे वर्ष. समजा, वचनातला ‘शालोम’ हा शब्द मोठ्या टाइपात आहे. शिन 300, लामेद 30, वाव 6, मेम 40, एकूण 376, म्हणजे 1615 किंवा 1616. वाव मात्र लहानच असेल तर बेरीज 370 आणि पुस्तक सहा वर्षांनी जुनं. शाई पसरलेली, कागद झिजलेला, आणि वाव म्हणजे जेमतेम एक उभी रेघ! जुन्या सूच्यांमध्ये एकाच आवृत्तीची दोन सालं दिसली की मी आधी हीच बेरीज तपासतो. अक्षरांचा क्रमही लोक जपतात. 5744 ची अक्षरं रीतीने मांडली की ‘तुझा नाश होवो’ अशा अर्थाचा शब्द वाचला जातो, म्हणून अनेकांनी शेवटची दोन अक्षरं उलटी लिहिली. बेरीज तीच राहते, अपशकुन टळतो.

गावाच्या नावावरही भिस्त ठेवू नये. आम्स्टरडामच्या छपाईचा एके काळी एवढा लौकिक होता की जर्मन मुलखातले मुद्रक ‘आम्स्टरडामच्या अक्षरांत’ असं छापायचे. त्यातलं ‘आम्स्टरडाम’ ठळक आणि स्वतःचं गाव बारीक.

यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. तिची लिपी हिब्रूच, आणि कितीतरी यिडिश पुस्तकांचं शीर्षकपृष्ठ संपूर्ण हिब्रूत असतं. आतलं पान उघडल्याशिवाय भाषा कळत नाही, आणि भाषा कळल्याशिवाय रोमन लिप्यंतर करता येत नाही. आलेफ, मेम, ताव ही तीन अक्षरं घ्या. अर्थ ‘सत्य’. हिब्रूत उच्चार ‘एमेत’, यिडिशमध्ये ‘एमेस’. यिडिशने हिब्रूतून आलेल्या शब्दांचं मूळ लेखन तसंच ठेवलं होतं. सोव्हिएत राजवटीत मात्र ते मोडून हे शब्दही उच्चाराप्रमाणे लिहायचे ठरलं. तिथे ‘एमेस’ झाला आयिन, मेम, आयिन, सामेख. चारांतलं फक्त मेम जुनं. मूळ लिपीच्या वर्णक्रमात एकच शब्द एकदा पहिल्या अक्षराखाली सापडतो आणि एकदा सोळाव्या. म्हणून रोमन लिप्यंतरावर कुणी कितीही नाक मुरडलं तरी यिडिश पुस्तकं शोधताना त्याचा मोठा आधार वाटतो. तिथे दोन्ही ‘एमेस’ शेजारी येतात.

पुस्तकांच्या नावांवरून विषय ओळखू पाहणाऱ्याची तर फसगत ठरलेली. योसेफ कारोच्या ‘शुलखान आरुख’चा शब्दार्थ ‘मांडलेलं ताट-टेबल’, पण ती आहे धर्मशास्त्राची संहिता. तिच्यावर मोशे इस्सर्लिसने लिहिलेल्या टिपांचं नाव ‘मप्पा’, म्हणजे टेबलावरचं कापड. शब्बताय बास याने 1680 साली आम्स्टरडामला हिब्रू पुस्तकांची सूची छापली. तिचंही नाव ‘सिफ्ते येशेनिम’, ‘झोपलेल्यांचे ओठ’, गीतरत्नातून घेतलेलं.

आणि लेखकांची नावं. शोलेम राबिनोविच (1859–1916) या यिडिश कथाकाराने टोपणनाव घेतलं ‘शोलेम आलेखेम’. हे अख्खं नाव म्हणजे भेटल्यावर करायचा नमस्कार, ‘तुम्हांला शांती असो’. त्यात आडनाव कुठलंच नाही, म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेस ते सलग, ‘शोलेम’पासून नोंदवते. आडनाव आधी घ्यायच्या सवयीने कुणी ते ‘आलेखेम, शोलेम’ असं उलटवलं, तर बनतं नेमकं त्या नमस्काराला द्यायचं उत्तर.