गुंतवणूक, निवेश की भांडवलनिर्मिती?

इथिओपिया आणि केनिया यांच्यातली गुंतवणूक जीडीपीच्या (देशात वर्षभरात झालेल्या एकूण उत्पादनाच्या) किती टक्के, याची २००० सालापासूनची तुलना दाखवणारा आलेख एकजण मराठीत आणतो आहे. त्याने मथळा दिला ‘गुंतवणुकीची पातळी’. मित्र म्हणाला, ‘निवेश’ लिही, भारदस्त वाटेल. कोणाचे खरे, असा प्रश्न आहे.

‘निवेश’ हिंदीत छान रुळला आहे, तिथेच राहू दे. गुंता, गुंतणे, गुंतवळ या घरातला ‘गुंतवणूक’ आपल्याकडे असताना उसनवारी कशाला? पैसा कशात तरी अडकला, आता चटकन सुटायचा नाही, हे तो शब्दच सांगतो. (शेवटचा ‘-णूक’ फसवणुकीतही आहे, पण ते असो.)

अडचण निराळीच आहे. ‘गुंतवणूक’ हा शब्द पैसे घालणाऱ्याच्या बाजूने पाहतो. २००८ साली केनिया सरकारने सफारीकॉम या दूरध्वनी कंपनीतला आपला २५ टक्के हिस्सा विकायला काढला, शेअर ५ शिलिंगला. ज्यांनी घेतले त्या सगळ्यांनी गुंतवणूक केली, यात वाद नाही. पण त्या खरेदीने एकही नवा टॉवर उभा राहिला नाही. सरकारचे शेअर लोकांच्या नावावर झाले, इतकेच. आता इथिओपिया पाहा. २०११ मध्ये ब्लू नाईलवर महाकाय धरणाचे काम सुरू झाले आणि त्यासाठी सरकारने आपल्याच लोकांना रोखे विकले. इथे पैशाचे काँक्रीट झाले. देशांच्या आलेखात मोजतात ते हे: धरणे, रस्ते, यंत्रे, इमारती, शिवाय गोदामातला वाढलेला साठा. अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला ‘भांडवलनिर्मिती’ म्हणतात, आणि घसारा (यंत्रे-इमारतींची वापराने होणारी झीज) वजा केलेला नसेल तर ‘स्थूल भांडवलनिर्मिती’. वाणिज्य शाखेतले ‘ढोबळ नफा’च्या चालीवर ‘ढोबळ’ म्हणतील. पण इतरांना आकडाच अंदाजपंचे वाटेल, म्हणून तो शब्द टाळावा.

‘पातळी’ही मला खटकते. पातळी पाण्याची, साखरेची. इथे जीडीपीशी असलेले नाते सांगायचे आहे, तेव्हा ‘प्रमाण’ म्हणा. फरक किरकोळ नाही: जीडीपी जास्त वेगाने वाढला, तर रक्कम वाढूनही प्रमाण घटते. ‘गुंतवणूक घटली’ असे लिहिले की वाचक समजतो, कामे थंडावली.

आणि विभक्ती सांभाळा. इथिओपियाचे प्रमाण २००० च्या सुमारास जीडीपीच्या २० टक्क्यांच्या आसपास होते, २०१५ च्या सुमारास ते ४० च्या जवळ गेले. (केनिया त्या काळात विसाच्या आगेमागेच घोटाळत होता, आणि इथिओपियाही पुढे बराच खाली आला.) ही वाढ ‘२० टक्क्यांनी’ झाली असे सर्रास लिहितात. तसे असते तर २० चे २४ झाले असते. ‘२० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर’ लिहा. ‘-नी’ने केलेला घोळ ‘-वरून’ आणि ‘-वर’ निस्तरतात.

लेखनाचे एक: ‘गुंतवणूक’मधला णू दीर्घ, ‘गुंतवणुकीचे’मध्ये ऱ्हस्व. प्रश्नकर्त्याने ते बरोबर लिहिले आहे.

मी मथळा असा देईन: ‘स्थूल भांडवलनिर्मिती (देशांतर्गत गुंतवणूक), जीडीपीच्या टक्क्यांत’. जागा अपुरी पडली तर ‘स्थूल’ तळटिपेत न्या. ‘जीडीपीच्या’ मात्र हलवू नका.