जीसीएसईनंतर मुलीला सिक्स्थ फॉर्मलाच (म्हणजे शाळेतल्या अकरावी-बारावीला) ठेवू की एफई कॉलेजला घालू?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी पुण्याहून लंडनमधल्या हॅरोला आलात, मुलगी यंदा जीसीएसई (इथली दहावी) देतेय, तिला ए-लेव्हल (इथली बारावी) नको, कॉम्प्युटरमधलं काहीतरी करायचंय, आणि मिस्टरांचं म्हणणं की कॉलेजात शाळेने नाकारलेली पोरं जातात. हे शेवटचं वाक्य आमच्याकडे वर्षभर चाललं होतं (सासूबाई फोनवरून, नवरा समोरून), म्हणून लिहायला बसले.

आपल्या भाषेत सांगायचं तर एफई (फर्दर एज्युकेशन) कॉलेज म्हणजे ज्युनियर कॉलेज, आयटीआय, पॉलिटेक्निक आणि रात्रशाळा, सगळं एकाच पाटीखाली. वर ए-लेव्हल फिजिक्सचा वर्ग, खाली प्लंबिंगचं वर्कशॉप, बाजूला हेअरड्रेसिंगच्या पोरींचं सलून (मी केस तिथेच कापते, स्वस्त पडतं) आणि संध्याकाळी इंग्लिश शिकायला येणाऱ्या आज्या. त्यामुळे तिथे सगळ्या प्रकारची मुलं असतात. इंग्लंडमध्ये 18 पर्यंत काही ना काही शिक्षण किंवा ट्रेनिंग घ्यावंच लागतं आणि 16 ते 18 मध्ये सरकारी पैशातून चालणाऱ्या कोर्सला ट्यूशन फी नसते, म्हणजे पैशाचा प्रश्न शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे सारखाच.

आता तिच्यासाठी बघायचं तर टी-लेव्हल, म्हणजे प्रत्यक्ष कामाशी जोडलेला कोर्स. 2020 ला सुरू झाली, पहिल्या तीन विषयांत डिजिटल होतं. दोन वर्षं, वजन तीन ए-लेव्हलइतकं, साधारण 80 टक्के वर्गात आणि बाकी कंपनीत, कमीत कमी 315 तास प्लेसमेंट (म्हणजे कंपनीत प्रत्यक्ष काम, नोकरी नव्हे). युनिव्हर्सिटीचा रस्ता बंद होत नाही, डिस्टिंक्शनला 144 यूकास पॉइंट (युनिव्हर्सिटी प्रवेशासाठी मोजतात ते) मिळतात म्हणजे ए-लेव्हलच्या तीन ए ग्रेडएवढे. पण उद्या मॅडमना मेडिसिन किंवा प्युअर मॅथ्स करायचं सुचलं तर ए-लेव्हलच लागणार, ते आत्ताच विचारून ठेवा. आणि जीसीएसईत मॅथ्स किंवा इंग्लिशला ग्रेड 4 (म्हणजे पास) च्या खाली आली तर तो विषय कॉलेजातही चालूच ठेवावा लागतो, सुटका नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. कॉलेजचं नाव बघू नका, कॅम्पस बघा. ही कॉलेजं 1993 पासून आपापला कारभार बघतात आणि 2015 ते 17 च्या सरकारी आढाव्यानंतर बरीच एकमेकांत विलीन झाली. तुमच्याकडचंच घ्या, हॅरो आणि अक्सब्रिज कॉलेज 2017 ला एक झाली, 2023 ला त्यात रिचमंड आलं. पार उत्तरेकडच्या न्यूकॅसलच्या कॉलेज-ग्रुपचं तर एक कॉलेज लंडनमध्ये लुइशमला आहे!! त्यामुळे वेबसाइटवर कोर्सची यादी लांबलचक दिसते पण प्रत्येक कोर्स प्रत्येक ठिकाणी नसतो.

आम्ही इथेच फसलो. लंडनबाहेर राहतो, कॉलेजचं नाव नाही घेत. ओपन डे मेन कॅम्पसला होता, काचेची बिल्डिंग, कॉफी, थ्रीडी प्रिंटर, आम्ही खूश. सप्टेंबरमध्ये टाइमटेबल आलं तर इंजिनीअरिंग वर्कशॉप नऊ मैलांवर दुसऱ्याच कॅम्पसला, आणि लेकाला इंग्लिशला 3 मिळालेले त्यामुळे त्याचा रीसिटचा (पुन्हा परीक्षेच्या तयारीचा) तास तिसरीकडे. मंगळवारी तो तीन बस बदलायचा आणि डबा बसस्टॉपवर खायचा. पहिल्या टर्मला सोडतो म्हणाला होता. सोडलं नाही कारण वर्कशॉपचा सर जबरदस्त निघाला, वीस वर्षं फॅक्टरीत काढलेला माणूस, आणि हे मला कुठल्याच ब्रोशरमध्ये दिसलं नव्हतं. ऑफस्टेडचा (शाळा-कॉलेजं तपासणारी सरकारी संस्था) रिपोर्टही अख्ख्या कॉलेजचा असतो, त्यावरून एका कॅम्पसचा एक वर्ग कळत नाही.

म्हणून ओपन डेला थेट विचारा, हा कोर्स आठवड्यातले किती दिवस कुठल्या इमारतीत, रीसिट कुठे, आणि प्लेसमेंट कोण शोधतं, ती की तुम्ही? मग एका मंगळवारी सकाळी तिला घेऊन त्याच बसने जाऊन या. लंडनमध्ये 16 प्लस झिप ऑयस्टर या प्रवासाच्या कार्डावर फुल टाइम शिकणाऱ्यांना बस फुकट आहे, ट्यूबला मात्र अर्धं भाडं.

लेक आता अप्रेंटिस आहे, पगार घेतो. सासूबाई अजूनही नातेवाइकांना "इंजिनीअरिंगला आहे" एवढंच सांगतात.