तास कमी झाले, तरी बजेटमध्ये बचत का दिसत नाही

तुमची पोस्ट वाचली आणि २०२३ चा हिवाळा आठवला. घरी येऊन देखभाल करणाऱ्या दोन पगारी केअरर लागतात अशा पॅकेजेसचे (म्हणजे एका माणसाला मंजूर झालेल्या मदतीच्या तासांचे) रिव्ह्यू करायचे, जमेल तिथे एकच केअरर ठेवायची. तुमच्या टीमने तास खरोखर कमी केले आणि फायनान्स म्हणतंय, बजेटमध्ये काही दिसत नाही. इंग्लंडमधल्या आमच्या काउन्सिलमध्ये, म्हणजे ही मदत पुरवणाऱ्या स्थानिक संस्थेत, अगदी हेच झालं होतं.

प्लॅन, रिस्क रजिस्टर वगैरे तुम्ही केलंच असेल. माझी चूक पहिल्या आठवड्यातली: बचत कशाला म्हणायचं आणि ती कशाच्या तुलनेत मोजायची, हे मी फायनान्सकडून लिहून घेतलं नाही.

एका माणसाचं उदाहरण घ्या: दिवसाला चार फेऱ्या, प्रत्येक फेरी अर्ध्या तासाची, केअरर दोन. म्हणजे आठवड्याला २८ तास. छताचा हॉइस्ट (माणसाला उचलणारं यंत्र) आणि चांगल्या स्लाइड शीट्स (अंथरुणात सरकवायच्या गुळगुळीत चादरी) आल्यावर एकीला जमलं, की १४. मी १४ गुणिले ५२, म्हणजे ७२८ तास त्याच वर्षाच्या नावावर लावून मोकळा झालो. बदल झाला होता ऑक्टोबरमध्ये! मार्चअखेर हाती आले ३६४. उरलेले पुढच्या वर्षी दिसतील म्हटलं, तर एप्रिल २०२४ मध्ये किमान वेतन ताशी १०.४२ पौंडांवरून ११.४४ वर गेलं, एजन्सीचे दर वाढले, हॉस्पिटलमधून सुटलेली नवी माणसं आली. एकूण खर्च वाढलाच. फायनान्सने तो मागच्या वर्षाच्या खर्चाशी ताडून आमच्यापुढे शून्य लिहिलं. तीन महिने मी मेल करत होतो. पॅकेजवार यादी घेऊन कोणी एकदाही समोर बसलं नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टनी (घरात कोणती साधनं लागतील ते ठरवणाऱ्यांनी) घरोघर जाऊन केलेलं काम असं पुसलं गेलं, याचा राग मला अजून येतो.

त्यामुळे माणसागणिक नोंद ठेवाच: जुने तास, नवे तास, बदलाची तारीख, त्या दिवशीचा दर. दरवाढ आणि नवी मागणी वेगळ्या रकान्यांत. पेमेंट सिस्टिममधली जुनी नोंद बंद झाली का, तेही स्वतः बघा. आमच्याकडे काही एजन्सींना जुन्याच तासांचे पैसे जात होते.

हा इंग्लंडमधल्या एका काउन्सिलचा अनुभव. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत, आणि मी वकील नाही. पण केअर ॲक्ट २०१४ नुसार पात्र माणसाची गरज भागवावीच लागते. आधी बचतीचा टक्का ठरवून मग तास कापा, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सांभाळणाऱ्या घरच्या माणसाच्या गरजांचं मूल्यमापनही करून घ्या; तो त्यांचा स्वतंत्र हक्क आहे. आम्ही एका घरी ते केलं नाही. तिथली केअरर रोज "जरा हात लावता का?" म्हणायची आणि आजोबांना कुशीवर वळवायला आजी पुढे व्हायच्या. त्यांची पाठ धरली, तेव्हा आम्हाला कळलं. दुसरी केअरर परत दिली आणि यादीतली ती बचत मी खोडली.