नोकरी सांभाळून फिजिऑलॉजीतलं नवीन संशोधन कसं वाचत राहावं?

पुण्यात फिजिओथेरपीच्या मुलांना मी हाच विषय, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं ते, शिकवते, म्हणून लिहितेय. तुम्ही वेळेचं विचारलंय. वेळ निघतो हो! खरी अडचण पुढे येते. नवीन वाचलेलं बोलून दाखवलं की लोकांना खपत नाही.

आमच्याकडे व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ‘डोंगर चढून आलं की दुसऱ्या दिवशी पाय का दुखतात?’ विद्यार्थिनी दर रविवारी सिंहगड चढणारी. ती म्हणाली, स्नायूतंतूंना बारीक इजा होते, मग दाह होतो. सरांना ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं’ एवढंच हवं होतं. मार्क कापले. मी म्हटलं, सर, रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे त्या अ‍ॅसिडचंच रूप, साधारण तासाभरात खाली येतं, दुखणं चढतं दुसऱ्या दिवशी, मग दोष त्याला कसा? अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ जॉर्ज ब्रूक्स यांनी 1980च्या दशकातच ‘लॅक्टेट शटल’ मांडलंय, म्हणजे एकीकडे तयार झालेलं लॅक्टेट शरीरात दुसरीकडे वापरलं जातं. हृदय ते इंधन म्हणून जाळतं, मेंदूसुद्धा. यावर उत्तर काय, तर ‘मॅडम, आम्ही वर्षानुवर्षं हेच शिकवतोय.’ मुलगी रडत घरी गेली. मला अजूनही त्याचा राग येतो.

तर, रील्स आणि पेपरातल्या आरोग्य पुरवण्या बंद करा. सगळं वाचायला जाऊ नका, एकच विषय धरा. आढावा लेख छापणाऱ्या ‘फिजिऑलॉजिकल रिव्ह्यूज’ किंवा ‘अ‍ॅन्युअल रिव्ह्यू ऑफ फिजिऑलॉजी’मधला त्यावरचा एक लेख नेटाने संपवा, मग पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर, त्या विषयाचा अलर्ट लावा, फुकट आहे. शोधनिबंध हातात आला की निष्कर्षाआधी प्रयोग कुणावर केला ते बघा. उंदरांवर की माणसांवर, आणि कुठल्या माणसांवर? आपल्या रास्ता पेठेतल्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! पुस्तकातल्या सत्तर किलोच्या माणसावरून आपल्या पेशंटचा हिशोब मांडणाऱ्यांनी हे एकदा बघावंच.

हां, परीक्षा तोंडावर असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि गायटनचं नेहमीचं पाठ्यपुस्तक वाचा. एकट्यादुकट्या शोधनिबंधावर पेशंटचे उपचारही बदलू नका. आणि तुम्ही स्वतः परीक्षक असाल, तर वेगळं उत्तर आल्यावर मार्क कापण्याआधी ‘हे कुठं वाचलंस?’ एवढं तरी विचारा.