जिन्याचं कोटेशन फुगलं, काम अडलं: वाढीव पैसे द्यायचे का?

प्रश्न: घरातला जुना लोखंडी गोल जिना सासूबाईंना चढवेना, म्हणून तो काढून स्टील फ्रेमवर लाकडी पायऱ्यांचा नवा जिना करायचं ठरवलं. कंत्राटदाराने जागा पाहून, मापं घेऊन एका पानाचं कोटेशन दिलं: 'नवीन जिना, १४ पायऱ्या, कठड्यासह, मटेरियल व मजुरी धरून', खाली एकच ठोक रक्कम. त्यातले ७० टक्के आम्ही दिले, काही बँकेतून, काही रोख. आता जुना जिना तोडणं आणि राडारोडा उचलणं, दोन जादा पायऱ्या, स्टीलऐवजी काचेचा कठडा आणि स्लॅबखाली आधाराचा बीम, यासाठी तो मूळ रकमेच्या आणखी ४५ टक्के मागतो आहे. दिल्याशिवाय हात लावणार नाही म्हणतो. तीन आठवडे काम बंद आहे, कठडा नाही, आणि वर पोचतानाचा शेवटचा चढ बाकीच्यांपेक्षा उंच झाला आहे. आमचं बजेट कोलमडलं. पैसे द्यावेच लागतील का? दुसऱ्याकडून काम पुरं करून घेता येईल का?

ताई, आधी सरळ उत्तर देते. पूर्ण ४५ टक्के तुम्ही देणं लागत नाही. थोडा भाग मात्र नक्की लागता, आणि तो कोणता हे आधी वेगळं काढलंत तर पुढची सगळी लढाई सोपी होईल. 'काहीच देणार नाही' अशी भूमिका घेऊन बसलात तर तुमची मजबूत बाजूही कच्ची पडेल.

करार स्टॅम्प पेपरवर नाही म्हणून तुम्ही घाबरला आहात. तसं कारण नाही. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे असा करार तोंडीसुद्धा होतो. तुमच्याकडे तर कोटेशन आहे, बँकेच्या नोंदी आहेत आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं आहे. हे सगळं मिळून तुमचा करार. त्याच्या अटी बदलायच्या तर दोघांची संमती लागते, हे कलम ६२ वरून स्पष्ट आहे. ठोक रक्कम एकदा ठरली की 'माझा हिशेब चुकला' किंवा 'लाकूड महागलं' एवढ्यावर ती एकट्याला वाढवता येत नाही.

आता त्याची एकेक मागणी पाहू. जुना जिना काढण्याबद्दल कोटेशन गप्प आहे. पण तुम्ही पाठवलेल्या संभाषणात त्याचाच मेसेज आहे: 'जुना काढून त्याच जागी नवा बसवून देतो.' शिवाय जुना जिना त्याच्या डोळ्यांसमोर उभा होता, तो हलल्याशिवाय नवा बसणार नव्हता. ही मागणी माझ्या मते टिकत नाही.

जादा पायऱ्यांची गोष्ट जरा नीट समजून घ्या, कारण इथे तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. तुम्ही खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंतची उंची ३ मीटर कळवली आहे. चढ म्हणजे एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंतची उंची. जिन्यात शेवटचा चढ थेट वरच्या मजल्यावर जातो, म्हणून पायऱ्यांपेक्षा चढ एकाने जास्त असतात. १४ पायऱ्या म्हणजे १५ चढ, आणि ३,००० मिलिमीटर भागिले १५ म्हणजे प्रत्येक चढ २०० मिलिमीटर. भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घरासाठी चढ जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि घरातल्या जिन्याची पायरी किमान २५० मिलिमीटर रुंद असं सांगितलं आहे. म्हणजे १४ चा आकडा पहिल्या दिवसापासूनच चुकीचा होता. योग्य जिन्याला १६ चढ लागतात, प्रत्येकी १८७.५ मिलिमीटर, आणि त्यासाठी पायऱ्या १५. मापं त्याने घेतली, आकडा त्याने लिहिला, रक्कम ठोक होती. दर पायरीमागे ठरला असता तर गोष्ट वेगळी होती. आणि तरीही त्याचं बिल एका पायरीचं झालं असतं, दोनचं नाही. जागेवर पायऱ्या स्वतः मोजा आणि फोटो काढा. ही संहिता आपोआप कायद्यासारखी लागू होत नाही, स्थानिक बांधकाम नियम लागू होतात. पण काम नीट झालं की नाही हे तपासायला ग्राहक आयोगासमोर ती चांगली फूटपट्टी आहे.

काचेच्या कठड्याचे पैसे मात्र तुम्हाला द्यावे लागतील. कोटेशनमध्ये कठडा धरलेला होता, पण स्टीलचा. मध्येच काचेचा हवा असं तुम्ही सांगितलंत, आणि फुकटात करून द्या असं काही ठरलं नव्हतं. तुमच्या सांगण्यावरून केलेल्या वाढीव कामाचा रास्त मोबदला द्यावाच लागतो. दराचं स्पष्ट बोलणं झालं नव्हतं, असं म्हटलंत तरी कलम ७० आड येतं: फुकट करण्याचा हेतू नसताना कोणी दुसऱ्यासाठी काम केलं आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. फक्त इथे देणं आहे ते स्टील आणि काच यांतल्या फरकाचं, अख्ख्या कठड्याचं नव्हे. आणि तेही काच प्रत्यक्ष बसल्यावर. काचेचं आणखी कुठून तरी कोटेशन मागवा, म्हणजे रास्त फरक किती ते कळेल. काच अजून कापलेली नसेल तर पुन्हा स्टीलवर यायचा पर्यायही मोकळा आहे, आणि बजेट इतकं ताणलेलं असताना मी तो गंभीरपणे विचारात घेतला असता.

बीमच्या बाबतीत मी घाईने हो किंवा नाही म्हणणार नाही. नव्या जिन्यासाठी स्लॅबची पोकळी वाढवली आहे, आणि तिथे आधार लागतो की नाही हे कंत्राटदाराने किंवा वकिलाने ठरवायचं नसतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, लेखी अहवाल घ्या. आधार लागणार हे अनुभवी माणसाला जागा पाहतानाच कळायला हवं होतं, असं इंजिनिअरने लिहून दिलं तर खर्च कंत्राटदाराच्या अंगावर टाकायला तुमच्याकडे मुद्दा आहे. स्लॅब उघडल्यावरच कळणारा दोष निघाला, तर तो वेगळा खर्च समजून वेगळा लेखी करार करा. पण लागत असेल तर बीम कराच, वाद चालू असला तरी. स्लॅब कापणं हा इमारतीच्या सांगाड्यातला बदल आहे, त्यासाठी स्थानिक प्राधिकरणाची परवानगी लागते का तेही याच इंजिनिअरकडून समजून घ्या.

उंच झालेल्या शेवटच्या चढाबद्दल कंत्राटदार म्हणतो की वरच्या लाद्या नंतर बसल्या. नवी लादी आणि तिच्याखालचा माल यांची जाडी मापात धरली नाही की तो सगळा फरक शेवटच्या चढात साचतो, हे खरं आहे. तुम्ही त्याला न सांगता लाद्या बदलल्या असत्या तर दोष तुमच्याकडे आला असता. पण लाद्यांचे फोटो काम सुरू होण्याआधीच त्याला पाठवलेले दिसतात. तेव्हा ही चूक त्याची, दुरुस्ती त्याच्या खर्चाने. पाय एका मापाच्या सवयीने उचलला जातो आणि वेगळ्या निघालेल्या एका चढावर अडखळतो. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या सासूबाईंनाच तो धोका आहे, म्हणून ही गोष्ट 'फिनिशिंगमध्ये बघू' म्हणून सोडू नका.

करार कायद्याच्या कलम ७३ खाली दिलेल्या उदाहरणांपैकी एक तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: एकाने दुसऱ्याचं घर ठराविक पद्धतीने दुरुस्त करायचं कबूल करून आगाऊ पैसे घेतले, पण काम करारानुसार केलं नाही, तर ते काम करारानुसार करून घ्यायला येणारा खर्च घरमालकाला त्याच्याकडून वसूल करता येतो. तेव्हा दुसऱ्याकडून काम पुरं करून घेता येतं. पण उद्या सकाळी नवा सुतार आणून उभा करू नका. आधी कंत्राटदाराला लेखी नोटीस द्या. काय राहिलं, काय सदोष आहे, काचेचा रास्त फरक द्यायला तुम्ही तयार आहात, आणि पंधरा दिवसांत काम सुरू न केल्यास करार संपवून बाकीचं काम त्याच्या खर्चाने करून घ्याल, हे सगळं तिच्यात हवं. ठरलेलं काम पुरं करायला तो साफ नकार देत असेल तर कलम ३९ प्रमाणे करार संपवण्याचा हक्क तुम्हाला आहे. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोचल्याची नोंद जपा, व्हॉट्सॲपवरही टाका. वकिलाकडूनच जायला हवी असं नाही, पण अशा प्रकरणात वकिलाच्या नोटिशीनंतर बरेचदा माणूस बोलायला येतो.

मुदत संपली की कामाला हात लागण्याआधी आहे त्या स्थितीची मोजमापं इंजिनिअरकडून करून घ्या. त्या वेळी हजर राहायला कंत्राटदारालाही कळवा, आला नाही तरी चालेल. एकदा दुसऱ्याने काम पुढे नेलं की कोणाचा दोष कुठे होता हे सिद्ध करणं फार अवघड जातं. मी पाहिलेल्या अशा दाव्यांत घोडं बहुतेक इथेच अडतं.

तुमचा दावा असा निघेल. मूळ रक्कम १०० धरा. तुम्ही ७० दिलेत. तेवढंच काम पुरं करायला दुसऱ्याने ४५ घेतले आणि शेवटचा चढ नीट करायला ८ लागले, तर एकूण १२३. म्हणजे वसुली २३ ची. काचेचा फरक, तुम्ही नंतर वाढवलेल्या गोष्टी, भारी लाकूड यांतलं काही त्यात घालायचं नाही. तोही उलट मागणी करू शकतो, म्हणून आकडे बिलांसकट ठेवा. रोख दिलेल्या पैशांची पावती नसेल तर त्याला साधा मेसेज करा: 'आजवर एकूण इतके दिले, बरोबर ना?' त्याचं 'हो' पुरेसं मोलाचं आहे. मोबाइल बदलू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं.

वसुलीसाठी मी दिवाणी दाव्याआधी जिल्हा ग्राहक आयोग सुचवेन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ही सेवेतली त्रुटी आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ऑनलाइनही दाखल होते. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, ती बोलाचालीत घालवू नका. आधी समेट होतो का पाहायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. कोणी फसवणुकीचा पोलीस गुन्हा दाखल करा म्हणेल. फसवणुकीला सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. अर्धवट सोडलेलं काम एवढ्याने तो सिद्ध होत नाही, आणि तुमचा वेळ जाईल.

नव्या माणसाबरोबर बजेट ठरवताना एकच ठोक आकडा घेऊ नका. फ्रेम, पायऱ्या, कठडा, पॉलिश, तोडफोड, राडारोडा, फिटिंग, प्रत्येकाची रक्कम वेगळी लिहून घ्या, चढांची संख्या आणि उंची मिलिमीटरमध्ये, माप तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंत. जीएसटी वेगळा लावणार का ते विचारा. नोंदणी नसलेल्या माणसाला तो आकारताच येत नाही. 'लेखी संमतीशिवाय वाढीव कामाचे पैसे नाहीत' हे वाक्य हवंच. हप्ते तारखेला न बांधता कामाच्या टप्प्याला बांधा, आणि शेवटचे दहा टक्के जिना काही आठवडे वापरून झाल्यावर द्या. तुमच्या ७० टक्क्यांत फ्रेम तेवढी उभी राहिली, म्हणून तर तो आज अडवून बसू शकतो.

नाइलाजाने त्यालाच काही रक्कम द्यावी लागली तर 'हक्क राखून, हरकतीसह देत आहोत' असं त्याच वेळी लिहून पाठवा.

आणि नोटिशीची मुदत संपायची वाट न पाहता आजच तात्पुरता कठडा बांधून घ्या, शेवटच्या चढावर उठून दिसणारी पट्टी चिकटवा. नुकसान वाढू नये म्हणून काय करता येण्याजोगं होतं, हेही कलम ७३ खाली पाहिलं जातं. त्याचं बिल इतर बिलांबरोबर ठेवा, ते दाव्यात धरता येईल.