कृष्णविवराजवळचा वारा कसा मोजतात?

प्रश्न : काही दीर्घिकांच्या केंद्रातून प्रकाशाच्या वेगाच्या चतुर्थांशाहून अधिक वेगाने वारे सुटतात, असे वाचनात आले. इतक्या दुरून हा वेग कसा कळतो? – एक वाचक, फोंडा

उत्तर : करमळी स्थानकात शिरणाऱ्या गाडीचा भोंगा ती जवळ येत असताना चढ्या स्वरात ऐकू येतो, इथेही तत्त्व तेच आहे. महाकाय कृष्णविवरालगतच्या तप्त भागातून क्ष-किरण निघतात आणि वाटेत आपल्या दिशेने धावणारा वायू असला, तर त्यातील लोहाचे अणू ठरावीक ऊर्जेचे किरण शोषून घेतात व वर्णपटात काळी रेषा उमटते. एकच इलेक्ट्रॉन उरलेल्या लोहाची ही रेषा एरवी ६.९७ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टला (हे ऊर्जेचे एकक) असते. पीडीएस ४५६ या क्वेसारमध्ये (म्हणजे अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रात) मात्र, विश्वप्रसरणाचा परिणाम वजा केल्यावर, ती ९ च्या आसपास सापडते. जवळ येणाऱ्या भोंग्याचा स्वर चढतो, तशी जवळ येणाऱ्या वायूची रेषा अधिक ऊर्जेकडे सरकते; या सरकण्यातूनच वेग निघतो.

क्ष-किरण वातावरणात अडत असल्याने हे काम उपग्रहांचेच आहे (गोव्यात पावसाळ्याचे चार महिने साधे तारेही दुर्मीळ, तो भाग निराळा). सप्टेंबर २०२३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या जपानच्या क्रिझम दुर्बिणीने, पूर्वी वर्णपटात एकच रुंद खळगा दिसत असे तिथे, निरनिराळ्या वेगांच्या पाच रेषा वेगळ्या करून दाखवल्या. म्हणजे हा वारा सलग झोत नसून वायूच्या गुठळ्यांचा बनलेला आहे, आणि मला तरी वेगाच्या आकड्यापेक्षा हेच अधिक महत्त्वाचे वाटते.